सरकायची खोली

आमच्या मालकांची नक्कल करायची तर आधी खोकावं लागतं. साधं न्हाय, कोरडं, दोन तुकड्यांत. मग डावा हात कमरेवर, उजव्या हाताचं बोट आभाळाकडं, आणि आवाज अर्धा नाकातनं काढायचा: "बघा मास्तर, मकान बांधलं की दोनच गोष्टींचं भ्याव. एक पाऊस, दुसरा किरायादार. पाऊस निदान चार महिन्यांनी जातो तरी."

भूममध्ये ही नक्कल माझ्याइतकी कुणाला जमत नव्हती. हेडमास्तरांची जमायची, कीर्तनकाराची जमायची, एस.टी.ची घंटी आणि तिच्यामागनं पळणारा माणूस असं दोन्ही एकदम जमायचं. पण लोक फर्माईश करायचे ती मालकांची. नाव सांगत न्हाय. भूमच्या पेठेत नुसतं 'मालक' म्हणून विचारा, पोरगं बोट धरून नेऊन सोडील.

निजामाच्या अमदानीत मालक तहसिलीत कारकून. सगळा कारभार उर्दूत. मग राज्य गेलं, कचेरीत मराठी आली, आणि मालक घरी आले. पण जीभ काही घरी आली न्हाय, ती तहसिलीतच राहिली. आम्ही भाडं म्हणायचो, ते किराया म्हणायचे. आम्ही डागडुजी म्हणायचो, ते मरम्मत म्हणायचे. अंगानं काडी, डोक्यावर काळी टोपी, आणि पाय बारा महिने उघडे. चप्पल न घालण्याचं कारण विचारलं तर म्हणायचे, "पायाला कान असतेत. चप्पल घातली की भैरे होतेत."

ते खरंच होतं. आमच्याकडची घरं माळवदाची. वर सपाट मातीचं छप्पर, पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकायची, चोपायची. मालक रोज सकाळी माळवदावर चढून अनवाणी हिंडायचे. एखाद्या जागी थांबून टाच दाबायचे. "हितं मऊ लागायलंय. खाली लाकडाला वाळवी हाय." खाली बघावं तर खरोखर वाळवी.

आता प्रत्येक खोलीला वर उजेडासाठी, धुरासाठी एक झरोका. मालक हिंडता हिंडता त्या झरोक्यापाशी यायचे, आधी खोकायचे, बायामाणसांना पदर सावरायला वेळ द्यायचे, आणि मग वरनं आवाज: "ओ बाई, ती खुंटी कुणाला विचारून मारली?"

कंपाउंडरबाई म्हणायच्या, "लोकांच्या घरात देव भिंतीत असतो, आमच्या घरात माळवदावर हिंडतो."

ह्या कंपाउंडरबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरची बायको. आवाज असा की दवाखान्यात औषधाची बाटली हलवायची गरज पडत नसंल. मालकांच्या घरामागं अंगण होतं आणि अंगणाला लागून पाच खोल्यांची रांग. एकीत हे कंपाउंडर, एकीत एस.टी.चा कंडक्टर, एकीत पोस्टमन, एकीत कचेरीतला एक कारकून, सगळे बायकापोरांसकट. आणि एक खोली रिकामी. कुलूप लावलेली.

त्या कुलपावर माझा डोळा होता.

कारण असं, की माझं लग्न त्या कुलपात अडकलं होतं. मी भूमच्या शाळेत मास्तर. झोपायला शाळेचीच एक खोली, जिथं नकाशे ठेवायचे. उशाला युरोप, पायथ्याला हिंदी महासागर. ईटला माझ्या आईचे लांबचे भाऊ होते, त्यांची मुलगी मला सांगून आली होती. मुलगी मी बघितली होती, आवडली होती, म्हणजे इतकी आवडली होती की परतताना बसमध्ये मी कुणाचीच नक्कल केली न्हाय. पण ईटच्या मामांनी एकच अट घातली. "पाहुणे, पोरगी देतो. पण ती नकाशात न्हाय राहायची. भूमला खोली दाखवा, मग सुपारी फोडू." आणि जोडीला हेही, की वैशाखापर्यंत जमलं न्हाय तर परांड्याचं एक स्थळ आहे, त्यांचं घर बांधलेलं आहे.

भूममध्ये तेव्हा खोली मिळणं म्हणजे दुष्काळात ताक मिळणं. नव्या कचेऱ्या आल्या, बदलीची माणसं आली, दोघंतिघं तर धर्मशाळेत पडलेले. आणि मालकांची एक खोली कायम कुलपात.

मी गेलो. मालक ओट्यावर बसलेले. बाजाराचा दिवस, त्यामुळं भोवती खेडेगावची चार माणसं, कारण बाजार झाला की घरादाराचे प्रश्न घेऊन लोक मालकांकडं यायचे. फुकट सल्ला, वर गूळपाणी. एकजण विचारत होता, "मालक, घर घ्यायलोय. कवा बघावं?"

"पावसात बघ. उन्हाळ्यात समदीच मकानं गुणाची असतेत."

दुसरा म्हणाला, "शेजाऱ्याची पन्हाळ माझ्या अंगणात गळायलीय. सांगून सांगून थकलो. कोर्टात जाऊ काय?"

मालकांनी बोट वर केलं. "कोर्टात कामून? पन्हाळीखाली तुळस लाव."

"तुळस?"

"लाव तर. त्याच्या माळवदावर कुत्री हिंडतेत, पोरं मुततेत. ते पाणी तुळशीवर पडाय लागलं की त्याची आईच त्याला पन्हाळ फिरवाय लावती का न्हाय बघ."

तो माणूस पुढच्या बाजाराला पेढे घेऊन आला होता, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग मी माझं सांगितलं. मालक, खोली पायजे. लग्न ठरायलंय. ती मधली रिकामीच आहे.

मालक माझ्याकडं अशा नजरेनं बघाय लागले, जणू मी त्यांचं काळीज मागितलं. "ती रिकामी न्हाय मास्तर. ती सरकायची खोली हाय."

मी म्हणालो, "म्हणजे?"

म्हणजे काय, ते पाडव्याला ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. दर गुढीपाडव्याला मालकांचे सगळे किरायादार एकेक खोली पुढं सरकायचे. रिकाम्या खोलीत शेजारचा जायचा, त्याच्या जागी त्याच्या शेजारचा, असं करत करत शेवटी दुसरीच एक खोली रिकामी व्हायची आणि तिला कुलूप लागायचं. सकाळपासनं अंगणात जाती, उखळं, पाळणे, हंडे, गाद्या. जुन्या चुली पाडायच्या, नव्या खोलीत नव्या थापायच्या. कंडक्टरसाहेब आख्ख्या महाराष्ट्राला 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणायचे, आणि वर्षातनं एकदा मालक त्यांना म्हणायचे. ढेकूणसुद्धा त्या दिवशी एक खोली पुढं जात असतील.

ह्यामागं कारण होतं. मालकांची गावाकडं बरीच जमीन होती. ती कुळाकडं होती, आणि कुळकायदा आला तेव्हा ती कुळाची झाली. मालकांनी तक्रार केली न्हाय, दोन दिवस जेवले न्हाईत फक्त. मग उरलेलं किडूकमिडूक घालून ह्या पाच खोल्या बांधल्या, म्हातारपणची भाकरी म्हणून. आणि नेमकं एका बाजाराच्या दिवशी ओट्यावर कुणीतरी पान थुंकून सहज बोलून गेला, "आज कसंल त्याची जमीन झाली, उद्या राहील त्याचं घर व्हतंय बघा."

बोलणारा बाजार उरकून गावाला गेला. पण ते वाक्य मालकांच्या घरी राहिलं, आणि तेवढंच एक किराया न देता राहिलं.

त्यावर मालकांनी शोधलेला हा उपाय. "कूळ म्हंजे काय, मास्तर? एका जाग्याला बसलेला माणूस. हलला की कूळ मोडलं. उद्या साहेब आला आन् म्हणला, ह्या खोलीत कोण राहतंय सालोसाल? तर कुणीच न्हाय! लिहा साहेब, कुणीच न्हाय."

एका खोलीचा किराया ते बिचारे दर वर्षी बुडवत होते, बाकीच्या चार वाचवायला. लेक मुरुमला दिली होती, तिच्याकडंही कधी जायचे न्हाईत. "मालक गावात न्हाय म्हणलं की किरायादार खुंट्या मारतेत. खुंटीवरनं फळी येती, फळीवरनं हक्क येतो."

मी चार बाजार त्यांच्या ओट्यावर बसलो. गूळपाणी पोटभर मिळालं, खोली न्हाय. शेवटी ईटच्या मामांचा निरोप आला: येत्या बाजाराला भूमला येतोय, खोली दाखवा.

आता झालं होतं असं, की ईटला मुलगी बघायला गेलो तेव्हा वेळ जायला म्हणून मी मालकांची नक्कल मामांना करून दाखवली होती. मामा हसून हसून खाटेवरनं खाली आले होते. तर बाजाराच्या दिवशी मामा ओट्यावर टेकले, मालक खोकले, बोट वर केलं आणि बोलले, "बघा पाहुणे." मामांनी माझ्या मांडीला चिमटा काढला आणि कानात म्हणाले, "ह्ये कोण? तुझी नक्कल कराय लागलंय की!"

मी म्हणालो, "मामा, हळू. हेच ते."

मामांनी खोली विचारली. मालकांनी सरकायची खोली समजावून सांगितली. मामांचा चेहरा उतरत गेला आणि माझा त्याच्याही खाली.

"म्हंजे माझ्या लेकीनं दर पाडव्याला चूल पाडायची?"

"ती खोली द्यायचीच न्हाय तर तुमची लेक कशाला चूल पाडती? कुळाचं भ्याव तुमाला न्हाय कळायचं, पाहुणे."

मामांनी मुंडाशाचा पदर मागं टाकला. "मला न्हाय कळायचं? मालक, म्या कूळच हाय."

मला वाटलं, संपलं. परांड्याच्या घराला रंग द्यायला सुरुवात झाली असंल. मालकांचं बोट वरच्या वर राहिलं होतं. ते हळूहळू खाली आलं.

"तुमाला जमीन मिळाली?"

"मिळाली. आज्ज्यापासनं आमीच कसत हुतो. मालक कवा बांधावर आला न्हाय. त्याला कुटं बांध हाय, ते पण ठावं नसंल."

मालक खाली बघत म्हणाले, "म्या बी गेलो न्हाय कवा."

मामा जरा घुटमळले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मालक, तुमाला एक सांगू का? ईटच्या पेठंत एक खोली हाय, माळवदाची. भुसार ठेवतो तिच्यात. वडिलांच्या वेळंपासनं भाड्यानं हाय. जमीन नावावर झाली तवा म्या बी जरा फुगलो. गेलो तलाठ्याकडं. म्हणलं, भाऊसाहेब, आता ती खोली बी माझ्या नावावर करा की."

"मग?" मालक पुढं सरकले. स्वतःहून सरकलेले मी पहिल्यांदा बघितले.

"तलाठी हसला. म्हणला, का रं, खोलीत जवारी पेरतूस व्हय?"

मालकांनी विचारलं, "काय म्हणला?"

"खोलीत जवारी पेरतूस व्हय."

"असंच म्हणला?"

"असंच. अजून भाडं देतोय की म्या. ह्या बाजाराला पण देऊन आलो."

"लिहून दिलं का तसं?"

"हसलेलं कुणी लिहून देतंय व्हय, मालक?"

मालक उठले. घरात गेले, परत आले, बसले. पुन्हा म्हणाले, "जवारी पेरतूस व्हय." त्यांच्या नाकातनं काहीतरी आवाज आला. मला वाटलं खोकला. पण ते हसत होते. मी इतक्या दिवसांत त्यांचं हसू ऐकलंच नव्हतं, त्यामुळं माझ्या नकलेत ते नव्हतं.

पण म्हणून खोली दिली का? न्हाय. एवढंच म्हणाले, "बघू." मामाही मुरलेले. उठताना म्हणाले, "खोली पक्की झाली की निरोप धाडा. तवर सुपारी आमच्याच डब्यात."

मालकांची रीत होती, किरायादाराची चौकशी त्याच्या आधीच्या मालकाकडं कधी करायची न्हाय. "त्यो तर पीडा टळावी म्हणून गोडच बोलतो. शेजारणीला विचारावं." त्याप्रमाणं ते शाळेमागं राहणाऱ्या एका आजीकडं गेले. नकाशाच्या खोलीची आणि आजीची भिंत एक. मालकांनी विचारलं, मास्तर कसाय?

आजी म्हणाल्या, "पोरगं बरंय. पण तुमी त्याला इतकं कामून रागावता? रोज दिवेलागणीला जाता आन् खुंटीवरनं बोलत बसता."

झालं. मालक तसेच भिंतीला वळसा घालून माझ्या दारात. मी युरोप गुंडाळत होतो.

"करून दाखवा," म्हणाले.

"काय, मालक?"

"मला."

दुसरा कुणी असता तर मी पाय धरले असते. पण लग्न तर तसंही गेलंच होतं, मग नक्कल तरी कशाला अर्धवट सोडा? खोकलो, हात कमरेवर, बोट वर. "ए बाई, ती खुंटी कुणाला विचारून मारली?"

मालकांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा केलं. मग म्हणाले, "आवाज बराबर हाय. पण म्या 'ए बाई' म्हणत न्हाय, 'ओ बाई' म्हणतो. किरायादाराला अरेतुरे केलं की तो पण आपल्याला करतो."

मी सुधारून करून दाखवलं. मालक बराच वेळ हिंदी महासागराकडं बघत राहिले.

"मास्तर, हे माळवदावरनं जमंल का?"

"म्हणजे?"

"म्हंजे म्या मुरुमला गेलो, तर सकाळी तुमी वर चढून दोन हाका मारायच्या. मालक गावातच हाय, असं वाटाय पायजे. लेकीच्या पोराचं तोंड बघितलं न्हाय म्या अजून."

त्या दिवशी मला खोलीची किल्ली मिळाली. लेखी काही न्हाय. अट एक: खोकला विसरायचा न्हाय.

लग्न माघात झालं. मामांनी सुपारी फोडताना सगळ्यांसमोर मला ती नक्कल करायला लावली. बायको घरी आली, तिनं सरकायच्या खोलीत चूल थापली, पांढऱ्या मातीनं पोतारली. फाल्गुनात मालक मुरुमला गेले आणि मी रोज सकाळी माळवदावर. चांगली फसली हो सगळी! मग एके दिवशी माझा पाय घसरला आणि खोकल्याऐवजी "अगं आई गं" निघालं. कंपाउंडरबाईंनी खालनं ओळखलं. पुढं आठवडाभर त्यांनी मला दिसंल तिथं "ओ मालक, ओ मालक" म्हणून हैराण केलं.

मालक परत आले ते गुबगुबीत होऊन. पण पाडवा जवळ आला तसे पुन्हा सुकाय लागले. कुणाशी बोलेनात. किती वेळ माळवदावर एकाच जागी उभे राहायचे. रिकामी खोली तर आता उरली नव्हती. सरकायचं झालं तर कुणालातरी आधी बाहेर पडावं लागणार, आणि सगळ्यात नवा मीच. मला कळून चुकलं. बायकोला म्हणालो, चार दिवस नकाशाच्या खोलीत काढू. ती म्हणाली, "तुमी काढा. म्या चूल पाडत न्हाय."

पाडव्याच्या सकाळी सवयीनं सगळी अंगणात. मालकांनी सरका म्हणलं न्हाय, नका सरकू असंही म्हणलं न्हाय, म्हणून सगळ्यांनी आपलं काढायला घेतलं. गाद्या, हंडे, पाळणे. मी कंपाउंडरबाईंच्या जात्याचं एक टोक धरलेलं, दुसरं त्यांनी. आमच्या खोलीच्या दारात बायको पदर खोचून उभी, सामान न काढता.

तेवढ्यात माळवदावरनं खोकला. कोरडा, दोन तुकड्यांत.

"ठेवा सामान आत! यंदा कुणी हलायचं न्हाय!"

कंपाउंडरबाई वर न बघताच ओरडल्या, "मास्तर, सणासुदीच्या दिवशी तरी चेष्टा नगं! उतरा खाली!"

मी म्हणालो, "बाई, मी हितं हाय. तुमचं जातं धरून."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग वर बघितलं. माळवदाच्या कडेला मालक उभे होते, टोपी हातात घेऊन.

"न्हाय हलायचं, बाई. यंदा पण न्हाय, पुढं पण न्हाय. जवारी थोडीच पेरायलाव तुमी."

बाईंनी जातं सोडलं. ते माझ्या पायावर पडायचं थोडक्यात वाचलं. त्या त्याच्यावरच बसल्या आणि कपाळावर हात मारला. "अगं माय! मालक, आधी बोलायचं न्हाय व्हय? चूल पाडली की म्या!"

कंडक्टरच्या बायकोनंही पाडली होती. पोस्टमनच्या, कारकुनाच्या, सगळ्यांनी पाडल्या होत्या. पाडव्याला घरोघर पुरणाच्या पोळ्या, आणि पाच खोल्यांत चूल फक्त एक उभी. बायकांनी पुरणाची पातेली उचलली आणि आमच्या दारात रांग लावली. दुपारपर्यंत त्या एका चुलीवर पाच घरच्या पोळ्या झाल्या. माझ्या बायकोला भूममध्ये ओळखी करून घ्यायला वेगळे कष्ट पडले न्हाईत.

मालक खाली आले, दारात उभे राहिले, आणि चुलीकडं बोट करून बायकोला विचारलं, "ही कामून पाडली न्हाय?"

ती तव्यावरनं नजर न काढता म्हणाली, "पाडायला थापली नव्हती."

मालकांनी एकदा चुलीकडं बघितलं, एकदा वर झरोक्याकडं. मग उंबऱ्याच्या आत येऊन मांडी घालून बसले. कुणाच्याही खोलीत ते असे कधी बसले नव्हते.

"बराबर हाय," म्हणाले. "वाढा पोळी."